दुसरा मजला, डावीकडचे

नोटीस बोर्डावर माझं नाव लिहिलं असतं तर मी एक वेळ गप्प बसलो असतो. एका नावाची छप्पन माणसं असतात. पण तिथे लाल शाईत लिहिलं होतं, ‘दुसरा मजला, डावीकडचे, यांनी पाणी जपून वापरावे. इतरांचाही विचार व्हावा.’ आणि खाली दोन रेघा. आमच्या इमारतीला तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडं. त्यामुळे दुसरा मजला एकच, त्याची डावी बाजूही एकच, आणि तिथे गेली एकोणीस वर्षं मी राहतो.

बोर्ड जिन्याच्या तोंडाशीच आहे. म्हणजे दूधवाला वाचणार, इस्त्रीवाला वाचणार, वरच्या मजल्यावर शिकवणीला येणारी पोरं मोठ्याने वाचणार. बायकोची एक मैत्रीण दोन वर्षांनी घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, “तुम्ही एवढ्या पाण्याचं करता तरी काय?” मी संतापलो. अजूनही आठवलं की संतापतो.

प्रकरण असं होतं. आमचे अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. रोज सकाळी साडेनऊला ते गच्चीवर जाऊन पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद करतात, टाकी भरू देतात आणि अकराच्या ठोक्याला उघडतात. त्या वॉल्व्हची किल्ली त्यांच्या कमरेला असते. गेले दोन महिने साडेबारापर्यंत टाकीचा तळ दिसायला लागला होता. कुठे तरी पाणी वाहून जातंय म्हणून प्लंबरला बोलावलं. प्लंबरने काय करावं? साडेअकराला जिन्यातल्या पाइपांना एकेक करून कान लावला आणि सांगून टाकलं, “दुसरा मजला, डावी लाइन. धो धो वाहतीय.” झालं. एका माणसाच्या एका कानावर माझी एकोणीस वर्षांची अब्रू गेली.

मी तडक अध्यक्षांकडे गेलो.

“पुरावा काय?”

“प्लंबरचा कान तयार आहे,” ते म्हणाले.

“कान गवयाचा तयार असतो. प्लंबरचा पाना तयार असावा लागतो.”

“आवाज खाली,” ते म्हणाले. त्यांनी आयुष्यभर वर्गच घेतलेत, त्यामुळे समोर कोणीही असला तरी तो त्यांना सातवी ‘ब’मधलाच वाटतो. “तुम्ही पुरावा आणा. दुसरं कोणी दोषी निघालं तर ती ओळ मी स्वतः पुसेन.”

“आणाच तुम्ही डस्टर,” असं म्हणून मी बाहेर पडलो. वाक्य चांगलं जमलं होतं, पण दार जोरात ओढल्यावर ते लागलंच नाही, आणि मला परत वळून ते हळूच लावावं लागलं.

घरी आलो तर बायको म्हणते, “जाऊ द्या ना. नवी नोटीस लागली की झाकली जाईल.” ही बाई भाजीवाल्याने एक टोमॅटो नरम दिला तर तो परत करायला दोन गल्ल्या चालत जाते. तिने ‘जाऊ द्या’ म्हणावं, इथेच मला संशय यायला हवा होता. पण रागाच्या भरात माणसाला समोरचं दिसत नाही आणि मी तर तेव्हा रागाच्या तिसऱ्या मजल्यावर होतो.

बरं, आमच्या घरी दिवसभर असतं कोण? मी पावणेदहाला ऑफिसला निघतो. बायको साडेदहाच्या सुमाराला वाचनालयात जाते, साडेबाराला परत येते. मधल्या वेळात फक्त बाबा, म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी. आणि नळाच्या बाबतीत बाबांइतका कडक माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला पक्कड लागते. मी दात घासताना नळ चालू ठेवला म्हणून लहानपणी मी त्यांचा जो मार खाल्लाय, तो अजून थंडीत आठवतो. तेव्हा आमच्या घरून पाणी वाया जाणं शक्यच नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगत सुटलो. अध्यक्षांना सांगितलं, प्लंबरला सांगितलं, ऑफिसात ज्यांना आमची इमारत कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही त्यांनाही सांगितलं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसा त्याच आठवड्यात माझा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला आम्ही सगळे ‘डॉक्टर’ म्हणतो, कारण तो नऊ वर्षं डॉक्टरेट करतोय आणि कोणी तरी त्याला धीर द्यायला हवा. त्याच्या प्रबंधाचा विषय ‘बिनतारी संवेदक जाळ्यांतून माहितीचे सुरक्षित व ऊर्जा-बचतीचे संकलन’. नऊ वर्षांत हा विषय मी एकदाही शेवटपर्यंत ऐकून घेतला नव्हता. त्या दिवशी प्रथमच घेतला.

“सोपं आहे, भाऊजी,” तो म्हणाला. “प्रत्येक घराच्या पाइपला बाहेरून एक डबी चिकटवायची. पाणी किती गेलं ते तिला कळतं. ती आपला आकडा वरच्या मजल्यावरच्या डबीला सांगते, ती आणखी वरचीला, असं करत गच्चीवरच्या मोठ्या डबीत सगळं जमा होतं. तार नको, भिंत फोडायला नको. दोन पेन्सिल सेलवर वर्षभर चालते.”

“वर्षभर? दोन सेलवर?”

“कारण ती झोपते ना! पंधरा मिनिटांतून एकदा जागी होते, आकडा सांगते, शेजारणीचा ऐकते, परत झोपते. उगाच जागं राहण्यात सगळी ताकद जाते.”

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क याच तत्त्वावर बत्तीस वर्षं चालले, पण ते मी बोललो नाही.

बाबा समोरच खुर्चीत बसले होते. त्यांना ते सगळं मोठ्या आवाजात पुन्हा सांगावं लागलं, कारण त्यांच्या कानाचं यंत्र खिशात होतं आणि यंत्राचा सेल दुसऱ्या खिशात. ऐकल्यावर ते एकदम खूश झाले. “हुशार आहे डबी,” म्हणाले. “मी यांना हेच सांगतो. दिवसभर घरात बोलायला कोण असतं? मग सेल कशाला जाळायचा? मी संध्याकाळीच घालतो. एक सेल मला दोन महिने जातो.”

“वा, बाबा!” मेहुणा म्हणाला. “माझ्या गाइडना हे नऊ वर्षांत कळलं नाही.”

आम्ही सगळे हसलो. बायको मात्र उठून आत गेली.

आता डब्या लावायच्या म्हणजे सभा आली. आमच्या इमारतीत जिन्यातला दिवा बदलायचा तरी सभा होते. मेहुण्याने पाऊण तास समजावून सांगितलं. त्यावर पहिला प्रश्न आला आमच्या समोरच्या बिऱ्हाडातून. या गृहस्थांना मी दुर्बीण म्हणतो, कारण जिन्यात मांजर आलं तरी त्यांच्या दाराच्या भिंगामागे डोळा हलतो.

“म्हणजे आम्ही कधी उठतो, किती वेळा आत जातो, हे सगळं त्या डबीत जाणार?”

“हो, पण ते कुलूपबंद असेल,” मेहुणा म्हणाला.

“किल्ली कोणाकडे?”

“भाऊजींकडे देता येईल.”

यावर जो गिल्ला झाला तो मी विसरणार नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, हे शब्द नेमके कोण बोललं ते कळलं नाही, नाही तर तिथेच निकाल लावला असता. शेवटी असं ठरलं की कुलूप उघडायला तीन शब्द लागतील. एक अध्यक्षांनी मनात ठेवायचा, एक दुर्बिणीने आणि एक मी. तिघांनी आपापला शब्द घातल्याशिवाय डबी तोंड उघडणार नाही. मेहुण्याने छातीला हात लावून सांगितलं की एकही शब्द कमी असेल तर खुद्द त्यालाही ती उघडता येणार नाही.

मग नियमावली झाली. चौथं कलम मी घातलं. कोणी सांगितलं होतं मला? पण हात दाखवून अवलक्षण करायची माझी सवय जुनी आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “एकवीस दिवसांनी सभेत सगळ्यांसमोर माहिती उघडायची. आणि जो कोणी दोषी निघेल त्याने स्वतः, सर्वांसमोर, उभं राहून माफी मागायची. वयाची, मानाची, कशाचीही सवलत नाही. लिहून घ्या.” अध्यक्षांनी लाल शाईत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मी मारायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना वाटलं की बिनतारी म्हटल्यावर सरकारी ना हरकत हवी. ती आणायची कोणी? आरोपीने. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, “पाण्याला हात लागतो का?” म्हटलं, नाही, पाइपाला बाहेरून चिकटते. “मग आमच्याकडे नाही.” वीजखात्यात विचारलं, “तार आहे का?” म्हटलं, तार नाही हाच तर मुद्दा आहे. “मग आमच्याकडे नाही.” तिसऱ्या ठिकाणी, लहरींचं जे खातं आहे तिथे, एका शांत माणसाने विचारलं, “किती लांब जातं?”

“दोन मजले.”

“दोन मजले तर माझा खोकला जातो. त्याला परवानगी लागत नाही.”

“तसं लिहून द्या ना.”

“परवानगी लागत नाही असं लिहून द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते,” तो म्हणाला, “आणि ते आज आलेले नाहीत.” मी टेबलावर हात आपटला. टेबलावर शाईचा पॅड होता. ऑफिसात उरलेला अर्धा दिवस मी जांभळा तळहात खिशात घालून काढला. ना हरकत शेवटपर्यंत मिळाली नाही. अध्यक्षांना मी सांगितलं की तोंडी मिळाली, आणि त्यांनी ती लाल शाईत नोंदवून घेतली.

डब्या लागल्या. मेहुणा दोन दिवस थांबला, सगळं सुरळीत चालू करून कसल्याशा परिषदेला निघून गेला. तो गेल्याबरोबर तळमजल्यावरचे लॉकरवाले आले. हे गृहस्थ बँकेत सव्वीस वर्षं लॉकरच्या खोलीत बसायचे. “सुरक्षित म्हणता आणि डब्या उघड्यावर?” ते म्हणाले. “कोणीही येईल, हात लावेल. सुरक्षित म्हणजे कुलूप.” सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. आम्ही दोघांनी रविवारी दुपारभर खपून प्रत्येक डबीवर एक पोलादी डबा बसवला, त्याला कडी केली आणि आठ कुलपं घातली. जिना तुरुंगासारखा दिसायला लागला, पण मला फार बरं वाटलं. आठही किल्ल्या एकसारख्या दिसायच्या आणि त्या एकाच जुडग्यात होत्या, ही बाब तेव्हा लक्षात आली नाही.

चार दिवसांनी मेहुणा आला. गच्चीवर गेला आणि डोकं धरून खाली आला.

“भाऊजी, चार दिवस एकही आकडा वर आलेला नाही.”

“सेल संपले?”

“सेल उत्तम आहेत. पोलादातून लहर बाहेर येत नाही हो! प्रत्येक डबी आत बसून बोलतेय आणि कोणाला ऐकू जात नाहीये. इतकी सुरक्षित माहिती मी आयुष्यात पाहिली नाही. आपल्यालाही मिळणार नाही.”

आठ कुलपांना आठ किल्ल्या लावून बघणे हा काय प्रकार असतो, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सहाव्या कुलपाला मी लॉकरवाल्यांना असं काही बोललो की ते नंतर आठवडाभर जिन्यात भेटले की भिंतीकडे बघायचे. पोलादी डबे उतरवले आणि एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले.

आणि मग सेल चोरीला जायला लागले. इतर कुठले नाहीत, फक्त आमच्या दाराबाहेरच्या डबीतले. मी संध्याकाळी घालायचो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोबण मोकळी. आमची डबी मेली की खालच्या मजल्यांचे आकडेही वर पोचायचे नाहीत, सगळी साखळी तुटायची. मेहुणा म्हणाला, मधल्या डबीवर फार भार असतो, तीच आधी जाते, हे प्रबंधातही आहे. मी म्हटलं, प्रबंधात असेल, पण इथे ती जात नाहीये, तिला कोणी तरी घालवतंय. आणि ते कोण, हेही मला माहीत होतं. डबीपासून चार पावलांवर कोणाचं दार आहे?

मी दुर्बिणीची बेल वाजवली. एकदा नाही, दार उघडेपर्यंत.

“माझे सेल द्या.”

“कसले सेल?”

“अहो, पाणी तुम्ही पळवता, सापडू नये म्हणून सेलही तुम्हीच पळवता, आणि वर मलाच विचारता, कसले सेल?”

त्यांची बायको बाहेर आली, खालची माणसं वर आली, वरची खाली आली. मी बरंच बोललो. त्यात त्यांच्या भिंगाचा उल्लेख होता, त्यांच्या दिवंगत वडिलांचाही होता. दुर्बीण पांढरीफटक पडली आणि तिने दार लावून घेतलं. माझी बायको दारात उभी होती. ती मला म्हणाली, “झालं समाधान?” मी म्हटलं, “एकविसाव्या दिवशी होईल.”

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला सभा होती. आदल्या तीन दिवसांत दोनदा सेल गेले होते. म्हटलं, शेवटच्या दिवशी चोर हाताने पकडून सभेत उभा करायचा. सकाळी नेहमीसारखा पावणेदहाला डबा घेऊन निघालो, पण खाली न जाता पायांचा आवाज न करता वर गेलो आणि तिसऱ्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यात कठड्याआड बसलो. चाळीस मिनिटं. एका कुत्र्याने येऊन मला हुंगलं आणि काही तरी ठरवून ते निघून गेलं.

दहा पंचवीसला दार उघडलं. दुर्बिणीचं नव्हे, आमचं. बायको खांद्याला पर्स अडकवून बाहेर आली. इकडेतिकडे बघितलं, डबीचं झाकण सराईतपणे सरकवलं, दोन सेल काढले आणि पर्समध्ये टाकले.

मी उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे मी ज्या रुबाबात खाली यायचं ठरवलं होतं तसा येऊ शकलो नाही. “तू?” एवढंच मी म्हणालो.

ती दचकली नाही. तिने माझं मनगट धरलं, मला आत नेलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. “आता तोंडातून शब्द काढू नका,” म्हणाली. “नुसतं बघा.”

बाबा न्हाणीघरात गेले. टॉवेल खांद्यावर, बादली नळाखाली. नळ सोडला. वॉल्व्ह बंद, पाणी कुठलं येणार? बाबांनी थोडी वाट पाहिली, नळाकडे रागाने बघितलं, टॉवेल तिथेच टांगला आणि गॅलरीत जाऊन पेपर उघडला. त्यांची पाठ आमच्याकडे होती. नळ सुटलेलाच राहिला.

अकरा वाजता अध्यक्षांनी वर वॉल्व्ह उघडला. नळ खोकला, फुसफुसला आणि धो धो सुटला. अगदी प्लंबर म्हणाला तसा. बादली भरली, वाहायला लागली, पाणी मोरीत जायला लागलं. पुऱ्या घरात तो आवाज भरला होता. गॅलरीत बाबांनी शांतपणे पान उलटलं. त्यांचा सेल खिशात होता, वाचत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं. बायकोने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडीचा वळ उठला. तिने जाऊन नळ बंद केला आणि परत आली.

“कधीपासून?”

“तीन-साडेतीन महिने. अकराच्या आधी नळ नीट बघून जाते मी, पण ते माझ्यामागे उघडतात. साडेबाराला येऊन बंद करते. एकदा त्यांना सांगून बघितलं. म्हणाले, सूनबाई, मी? नळ उघडा टाकेन? दिवसभर जेवले नाहीत.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” ती म्हणाली. “तुम्ही ओरडला असतात. त्यांना ऐकू येत नाही, पण ओरडलेलं दिसतं हो.”

मला फार राग आला. यावेळी तो कोणावर काढावा हे कळेना. आजूबाजूला दुर्बीण नव्हती, लॉकरवाले नव्हते, खिडकीवरची बाई नव्हती. मी स्टुलावर बसून राहिलो. जिचे सेल शोधायला मी निघालो होतो त्या डबीने जेवढे दिवस तग धरला तेवढ्या दिवसांचे आकडे गच्चीवर जमा झालेले होते, पक्के, कुलूपबंद. आणि चौथ्या कलमाखाली दोन रेघा होत्या.

“आज सहा वाजता,” बायको म्हणाली, “तुम्ही तुमच्या वडिलांना सगळ्यांसमोर उभं करणार आहात.”

सभेला बाबाही आले. पहिल्या रांगेत बसले. खास सभेसाठी त्यांनी यंत्रात सेल घातला होता, कारण त्यांच्या मुलाची अब्रू आज परत मिळणार होती आणि त्यांना ते ऐकायचं होतं. हे त्यांनी शेजारच्या दोघांना सांगितलंसुद्धा. मेहुण्याने मोठी डबी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी आपला शब्द घातला. एका बोटाने, पाटीवर अक्षर काढल्यासारखा. दुर्बिणीने माझ्याकडे न बघता आपला घातला.

“आता तुम्ही,” अध्यक्ष म्हणाले.

मी उभा राहिलो. “मी माझा शब्द घालणार नाही. गरज नाही. ते पाणी मी घालवतो. दुसरा मजला, डावीकडचे. बरोबर लिहिलंय तुम्ही.”

अध्यक्षांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

“सकाळी नळ सोडतो, पाणी नसतं, तसाच सोडून ऑफिसला जातो. अकराला पाणी आलं की वाहतं.” पुढचं बोलायच्या आधी मी टेबलाची कड धरली, कारण नुसतं कबूल करणं आणि माफी मागणं यात फार अंतर असतं. “मी सगळ्यांची माफी मागतो. प्लंबरचीही मागतो, त्याचा कान खरंच तयार आहे. आणि समोरच्यांची दोनदा मागतो. सेल त्यांनी नेले नव्हते. त्यांच्या वडिलांबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं.”

“मग उघडून तर बघू या,” लॉकरवाले म्हणाले. “नेमके आकडे कळतील.”

मी मेहुण्याकडे बघितलं. त्याचा सगळा प्रबंध त्या डबीत होता. मेहुण्याने आपल्या बहिणीकडे बघितलं. तिने कसं बघितलं ते मला दिसलं नाही, पण तो घाईघाईने म्हणाला, “मला आकडे नकोच आहेत. सेल किती टिकले तेवढंच हवं, आणि ते बाहेरून कळतं.” आणि त्याने डबी बंद केली. दुर्बीण माझ्याकडे बघत होती. तिच्या भिंगातून सकाळी दहा पंचवीसला काय काय दिसतं ते तिलाच ठाऊक. तिने हळूच मान हलवली आणि म्हणाली, “माणूस कबूल करतोय ना? मग झालं.”

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. हातातली काठी त्यांनी माझ्यावर रोखली. यंत्रात सेल असल्यामुळे त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

“लहानपणापासून सांगतोय याला!” ते सगळ्या सभेला म्हणाले. “नळ बंद करत जा, नळ बंद करत जा! मार खाल्ला, तरी अक्कल नाही. पन्नाशी उलटली गाढवाची!”

सगळी इमारत हसली. अध्यक्ष हसले, शिकवणीची पोरं हसली, लॉकरवाले तर भिंत सोडून हसले. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं धारदार, तीन आठवडे परजून ठेवलेलं. मी म्हणालो, “चुकलं, बाबा.” आणि खाली बसलो.

ती लाल ओळ अजून बोर्डावर आहे. अध्यक्षांनी पुसायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं. मेहुणा खराखुरा डॉक्टर झाला. गच्चीवरची डबी माझ्या शब्दासाठी अजून अडून बसली आहे, बसू दे.

आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांनी यंत्रातला सेल काढलेला नाही. सकाळी उठले की तो घालतात आणि रात्री निजतानाच काढतात. “मला काही हौस नाही,” ते सूनबाईला सांगतात. “पण याचा भरवसा नाही. हा कधी नळ सोडून जाईल, नेम नाही. घरात कोणी तरी कान देऊन बसायला नको?” अकरा वाजता कुठे जरा धार लागली की ते गॅलरीतून उठून न्हाणीघरात जातात, नळ पक्कडीने उघडावा लागेल असा आवळतात आणि संध्याकाळी मला बोलतात. मी ऐकून घेतो. राग येतो, पण ऐकून घेतो.

रोज पावणेदहाला मी दारात बूट घालत असतो तेव्हा गॅलरीतून पेपरामागून आवाज येतो, “नळ बंद केलास?”

“केला,” मी म्हणतो. हळूच म्हणतो. त्यांना ऐकू येतं.